जालपटल हानिमापन, प्रकाशीय

जालपटलाच्या (डोळ्याच्या आतील प्रकाशसंवेदी पडद्याच्या) छेदप्रतिमा प्रकाशतरंगांच्या साहाय्याने मिळवून त्याच्या थरांची जाडी व त्यांत झालेली हानी मोजण्याची पद्धती. प्रकाशीय कलासंबद्ध छेदचित्रण (संक्षेपाने ओसीटी) ही या कामी विशेष प्रचलित असलेली पद्धती होय. जालपटलाची जाडी सर्वसाधारणपणे पाव मिमी.च्या आसपास असून त्यात दहा थर ओळखले जातात [⟶ डोळा]. त्यातील तंत्रिका कोशिका एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. शिवाय एका डोळ्यातील उणीव दुसऱ्या डोळ्यामुळे झाकली जाते आणि प्रारंभीची हानी रुग्णाच्या सहसा लक्षात येत नाही. म्हणूनच ती जाणवण्यापूर्वी मोजता येणे महत्त्वाचे ठरते.

इतिहास : जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये नेत्रतलदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाचे जालपटल पाहणे शक्य झाले. पुढे त्याची छायाचित्रेही घेता येऊ लागली. तथापि या दोन्ही रीतींनी जालपटल समोरून दिसते. त्याच्या थरांची जाडी मोजता येत नाही. ही उणीव छेदचित्रणाने दूर केली. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील जेम्स फुजिमोटो, डेव्हिड ह्वांग, एरिक स्वॉन्सन व त्यांचे सहकारी यांनी १९९१ मध्ये या पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. १९९३ मध्ये जिवंत मानवी जालपटलाच्या प्रतिमा मिळाल्या व १९९६ मध्ये व्यापारी उपकरण उपलब्ध झाले. या कार्याबद्दल वरील तिघांना २०२३ मध्ये लास्कर पुरस्कार देण्यात आला.

तत्त्व : श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून शरीराच्या आतील रचनांची खोली जशी काढतात, तशीच येथे परत आलेल्या प्रकाशावरून काढतात. मात्र प्रकाशाचा वेग प्रचंड असल्याने १० मायक्रोमीटर (०·०१ मिमी.) खोलीच्या फरकामुळे पडणारा कालावधी सेकंदाच्या सु. दहा लाख कोटीव्या भागाइतकाच असतो व तो कोणत्याही घड्याळाने सरळ मोजता येत नाही. त्यासाठी व्यतिकरणाचा उपयोग करतात. अवरक्त प्रकाशाच्या शलाकेचे दोन भाग करून एक डोळ्यात व दुसरा आरशावर सोडतात. परतलेले भाग एकत्र आल्यावर, दोघांनी तोडलेले अंतर जवळजवळ समान असेल तरच व्यतिकरण घडते. वापरलेल्या प्रकाशाचा वर्णपट जितका रुंद, तितके जवळचे थर वेगळे ओळखता येतात. सु. ८४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या व ५० नॅनोमीटर पट्टरुंदीच्या प्रकाशाने ऊतकातील सु. ५ मायक्रोमीटर अंतरावरील रचना वेगळ्या दिसू शकतात. प्रारंभी आरसा पुढेमागे सरकवून एकेका खोलीची नोंद घेतली जाई. नंतरच्या उपकरणांत आरसा स्थिर ठेवून वर्णपटाचे फूर्ये रूपांतर करतात. त्यामुळे सेकंदाला हजारो रेषांची नोंद होते. तपासणीस काही सेकंद पुरतात व डोळ्याला स्पर्श करावा लागत नाही.

मापन व उपयोग : पीतबिंदूभोवती (तीक्ष्ण दृष्टीच्या मध्यवर्ती भागाभोवती) १, ३ व ६ मिमी. व्यासांची वर्तुळे कल्पून त्यांच्या नऊ भागांतील सरासरी जाडी काढतात. मधुमेहात केशवाहिन्यांतून द्रव झिरपून येथे शोफ (सूज) येतो. तो किती आहे व डोळ्यात औषध टोचल्यावर किती उतरला, हे या आकड्यांवरून कळते.

काचबिंदूत गुच्छिका कोशिका व त्यांचे तंतू झिजतात. त्यासाठी दृक्-तंत्रिकेच्या मुखाभोवती सु. ३·४ मिमी. व्यासाच्या वर्तुळावर तंतूंच्या थराची जाडी मोजतात. निरोगी प्रौढात ती सरासरीने सु. १०० मायक्रोमीटर असते. बऱ्याच रुग्णांत दृष्टिक्षेत्रात दोष आढळण्यापूर्वीच ती घटलेली दिसते.

संधिवाताभ संधिशोथासारख्या रोगांत दीर्घकाळ दिल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या औषधाने जालपटलातील प्रकाशग्राही थराची हानी होऊ शकते. औषध थांबविले, तरी गेलेली दृष्टी परत येत नाही. म्हणून अमेरिकन अकॅडेमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या संस्थेने २०१६ मध्ये पहिल्या वर्षात एक मूळ तपासणी व सर्वसाधारणपणे पाच वर्षांनंतर दरवर्षी छेदचित्रण आणि दृष्टिक्षेत्र तपासणी करण्याची शिफारस केली. आशियाई वंशाच्या व्यक्तींत ही हानी पुष्कळदा मध्यापासून दूर सुरू होत असल्याने अधिक रुंद भाग तपासावा लागतो.

मर्यादा : उपकरण जाडी मोजते, दृष्टी नव्हे. सूज असताना झिजलेला थरही पुरेसा जाड भासतो. उलटपक्षी, काचबिंदूच्या अखेरच्या अवस्थेत तंतू नष्ट झाले, तरी आधार-ऊतक व रक्तवाहिन्या उरल्यामुळे जाडी सु. ५० मायक्रोमीटरच्या खाली फारशी जात नाही; त्यामुळे पुढील हानी आकड्यात दिसत नाही. मोतीबिंदूमुळे प्रतिमा अंधुक होते व संगणकाने आखलेली थरांची सीमा चुकू शकते. निरोगी व्यक्तींच्या आकड्यांशी तुलना करून उपकरण हिरवा, पिवळा वा लाल रंग दाखविते. परंतु तीव्र निकटदृष्टी असलेल्या निरोगी डोळ्यातही लाल रंग येऊ शकतो. निरनिराळी उपकरणे जालपटलाची बाहेरील सीमा वेगवेगळ्या थरापाशी धरतात, त्यामुळे त्यांचे आकडे परस्परांशी ताडून पाहता येत नाहीत. एकाच उपकरणाने कालांतराने घेतलेल्या मापनांची तुलना, दृष्टिक्षेत्र तपासणी व प्रत्यक्ष नेत्रपरीक्षा यांच्या जोडीनेच हानीचा निर्णय करणे योग्य ठरते.