पैनगंगेचे अरण्य आणि वाघाची वाट

मराठवाडा म्हटला की काळी जमीन, उघडे माळ आणि पाण्याचे दुर्भिक्ष हेच चित्र सामान्यतः डोळ्यांपुढे उभे राहते. भोकरच्या पुढे मात्र ते बदलू लागते. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावरील भोकर मागे पडले, हिमायतनगर ओलांडले, की दोन्ही अंगांना टेकड्या जवळ येतात, शेते लहान होत जातात आणि सागाचे जंगल सुरू होते. इस्लापूर, किनवट, माहूर असा हा पट्टा पैनगंगेच्या काठाने पसरलेला आहे. नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्याचा उमरखेड तालुका लागतो. या दोन्ही जिल्ह्यांना स्पर्श करणारे पैनगंगा अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३२५ चौरस किलोमीटर असून त्याला तीन बाजूंनी नदीचा वेढा आहे.

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांपैकी ताडोबा हे सर्वांत जुने, १९५५ चे. या सहांतील एकही उद्यान मराठवाड्यात नाही. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांतील फरक गावकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. राष्ट्रीय उद्यानात चराईला व खाजगी हक्कांना वाव राहत नाही. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात आणि गुरांच्या चराईचे नियमन केले जाते. त्यामुळे पैनगंगेच्या अरण्यात वन्यजीवन आणि माणसाचे जीवन यांची सरमिसळ आहे आणि ती पुढेही राहणार आहे. येथील सर्व प्रश्न या एका वस्तुस्थितीतून निर्माण होतात.

नदी आणि सरहद्द

हे जंगल टिकून राहिले, याला काही अंशी इतिहास कारण आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाण्याच्या बाजूस उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे वाहत जाऊन वर्धा नदीस मिळते. पूर्वी हीच नदी वऱ्हाड आणि निजामाचे हैदराबाद संस्थान यांच्यामधील सीमा होती. १८५३ नंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि उत्तर काठावर एक, तर दक्षिण काठावर दुसरी राजवट सुरू झाली. मोठी बाजारपेठ, पक्का रस्ता किंवा कचेरी सरहद्दीच्या रानात सहसा जात नाही. १९४७-४८ च्या हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वातंत्र्यसैनिकांनी सीमेपलीकडे उमरखेड येथे कॅम्प उभारला होता, त्यालाही नदीची ही सीमाच कारण होती. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात आला. आज या भागात नदीचे दोन्ही काठ महाराष्ट्रात आहेत. परंतु एक काठ विदर्भाचा व दुसरा मराठवाड्याचा असल्याने कामकाजात जिल्ह्यांची सीमा अद्याप आडवी येते. वाघाला अर्थातच ती ठाऊक नाही.

वाघाचा विषय निघालाच आहे, तर माहूरची एक आठवण सांगण्याजोगी आहे. रेणुकामातेच्या स्थानामुळे माहूर सर्वपरिचित आहे. येथील देशमुखीण सावित्रीबाई यांना मोगल दरबाराने ‘रायबागन’, म्हणजे राजव्याघ्री, असा किताब दिला होता. १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी ज्या मोगल फौजेला कोंडीत पकडले, त्या फौजेत या रायबागनही होत्या.

वन आणि वन्यप्राणी

हे अरण्य शुष्क पानझडी प्रकारचे आहे. साग हा प्रमुख वृक्ष असून त्याच्या जोडीला धावडा, ऐन, तेंदू, मोह, सालई, बेहडा आणि पळस आहेत. तालुक्याच्या गावाचे नाव धारण करणारा भोकर वृक्षही या भागातील पानझडी वनांना परका नाही. पावसाळ्यात येथे वीस पावलांपलीकडचे दिसत नाही, तर एप्रिलमध्ये सागाची मोठमोठी पाने गळून सारे रान आरपार दिसू लागते आणि वाळलेल्या पाचोळ्यावर पडणारे पाऊल दूरवर ऐकू जाते.

चितळ, सांबर, भेकर, चौसिंगा, रोही आणि रानडुक्कर हे येथील तृणभक्षी व सर्वभक्षी प्राणी होत. बिबट्या, अस्वल, तरस, लांडगा, कोल्हा व रानमांजर यांचाही येथे वावर आहे. यांत अस्वलाविषयी गावांत धास्ती अधिक असते आणि ती निराधार नाही. अस्वलाची दृष्टी अधू असते. मोहाची फुले वेचणारा माणूस अचानक समोर आला, तर पळून जाण्याऐवजी ते अंगावर येते.

उन्हाळ्यात या अरण्याचा नकाशा पाण्यावरून आखला जातो. पावसाळ्यात इस्लापूरजवळ सहस्रकुंड येथे काळ्या खडकावरून असंख्य धारांनी कोसळणारी पैनगंगा उन्हाळ्यात तुटक होते व डोहाडोहांत उरते. अशा वेळी चितळ, गुरे, गुराखी आणि वाघ या सर्वांचे पाणी एकच असते. म्हणूनच जंगलाच्या आत पाणवठे राखणे हे येथे सर्वांत निकडीचे काम ठरते. आत पाणी असले की प्राणी शेताकडे व गावाच्या विहिरीकडे कमी वेळा येतात.

उमरखेडच्या बाजूचा हा वनप्रदेश ‘बंदी भाग’ म्हणून ओळखला जातो. कोरटा, दराटी, मोरचंडी अशी त्यातील गावे आहेत. आंध, गोंड, कोलाम व परधान या आदिवासी जमाती आणि बंजारा तांडे ही येथील मुख्य वस्ती होय. मोह, तेंदूपाने, चारोळी व डिंक यांवर अनेक कुटुंबांचे उन्हाळ्याचे महिने निघतात. रस्ता, दवाखाना आणि वीज यांसाठी या गावांनी बराच काळ वाट पाहिली. अभयारण्यामुळे आपली कामे अडतात, अशी त्यांची भावना आहे. तिची दखल न घेता संरक्षणाची भाषा बोलणे निरर्थक आहे.

वाघाची वाट

पैनगंगा अभयारण्याचे खरे मोल वन्यप्राण्यांच्या मोजदादीत शोधू नये. त्याचे मोल त्याच्या स्थानात आहे. ईशान्येस यवतमाळ जिल्ह्यातच टिपेश्वर अभयारण्य असून ते १९९७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र १४८ चौरस किलोमीटर इतके लहान असूनही तेथे वाघांची वीण चांगली झाली. नर वाघ दोन-तीन वर्षांचा झाला की त्याला स्वतःचे क्षेत्र शोधावे लागते. जागा भरलेली असेल, तर तो बाहेर पडतो. पूर्वेकडे ताडोबा आणि दक्षिणेकडे तेलंगणातील कव्वाल येथे व्याघ्रप्रकल्प आहेत. पण पश्चिमेस वा नैर्ऋत्येस निघालेल्या वाघाला पहिला मोठा आडोसा मिळतो तो पैनगंगेच्या जंगलाचा.

हे केवळ अनुमान नव्हे. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने टिपेश्वरच्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात रेडिओ कॉलर बसविली. जून २०१९ च्या अखेरीस तो बाहेर पडला. आदिलाबादच्या बाजूने फिरून, पैनगंगा अभयारण्य व हिंगोली जिल्हा ओलांडून तो डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पुढे एप्रिल २०२० मध्ये कॉलर काढली, तोवर त्याची नोंदलेली भटकंती सुमारे ३,००० किलोमीटर झाली होती. हा प्रवास त्याने बहुधा रात्री, ओढ्यानाल्यांच्या व उभ्या पिकांच्या आडोशाने केला. वाटेत रानडुक्कर व गुरे हे त्याचे भक्ष्य होते. इतक्या दीर्घ वाटचालीत माणूस जखमी झाल्याची एकच घटना घडली. वाघ ज्या झुडपांत विसावला होता, तेथेच काही लोक शिरले होते.

त्यानंतर मार्च २०२१ मध्ये औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्याच्या बाजूस गौताळा-औट्रम घाट अभयारण्यात, आणि २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यातील येडशी-रामलिंग घाट अभयारण्यात टिपेश्वरचे वाघ कॅमेऱ्यात टिपले गेले. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येकाचे वेगळे असतात. त्यावरून ही ओळख पटते. मराठवाड्यातून वाघ नाहीसा झाला, असे जे मानले जात होते, त्याला अशा रीतीने धक्का बसला आहे. तो येथे वसला आहे, असे म्हणणे मात्र घाईचे होईल. वाघीण अशी दूरवर सहसा जात नाही, आणि वाघिणीवाचून वाघाची वस्ती होत नाही.

गावांच्या हाती असलेल्या गोष्टी

अभयारण्याची हद्द संपल्यावर ही वाट ग्रामपंचायतींच्या शिवारातून जाते. तेथे वाघाला सर्वाधिक धोका तीन गोष्टींचा असतो. रानडुकरे रोखण्यासाठी कुंपणात चोरून सोडलेला विद्युत्प्रवाह ही पहिली. तो वाघाचा जीव घेतो, तसा शेतकऱ्याचा व त्याच्या बैलाचाही घेतो. दुसरी, कठडा नसलेल्या विहिरी. तिसरी, वाघ दिसल्याची वार्ता पसरताच जमणारा जमाव. दूरध्वनीवर चित्रे घेण्यासाठी त्याला चहूबाजूंनी घेरले, म्हणजे निघून जाऊ पाहणारा प्राणी उलटतो. ठसे आढळल्यास ते पुसू न देता वनरक्षकाला कळवावे, आणि त्या बाजूचे ओलिताचे काम शक्य तर दिवसा व दोघा-तिघांनी मिळून करावे.

मोह आणि तेंदूचा हंगाम विशेष जोखमीचा असतो. पहाटेच्या अंधारात खाली वाकून फुले वेचणारा माणूस वन्यप्राण्याला माणसासारखा दिसत नाही. उजाडल्यावर, गटाने व बोलत बोलत जाणे हा साधा उपाय शाळांतूनही सांगता येण्यासारखा आहे.

जनावर मारले गेल्यास नुकसानभरपाई मिळते; पण माहितीअभावी अनेक प्रकरणे फेटाळली जातात. घटना ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवावी लागते. पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये. किंमत ठरविताना पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. बहुतेक वेळा चूक होते ती दुसऱ्या बाबतीत. वाघ पुन्हा येईल या भीतीने धनी मृत जनावर ओढून दूर टाकतो आणि पुरावा नाहीसा होतो. पोळ्याआधी ग्रामसभेत या तीन बाबी वाचून दाखविल्या आणि वनरक्षकाचा दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवला, तर एवढे काम एका बैठकीत होण्यासारखे आहे.