दिवस भरू द्यावेत

सातव्या महिन्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, असे आपल्या धर्मग्रामातील वडीलधारी माणसे अजूनही सांगतात. अलीकडे त्याला एका नव्या हट्टाची जोड मिळाली आहे. बाप आखातातून रजेवर आलेला असतो. त्याच्या रजेतच स्नानसंस्कार उरकावा म्हणून घरचे लोक बाळंतपणाची तारीख अलीकडे आणायला डॉक्टरांना सांगतात. या दोन्ही गोष्टींचे उत्तर बाळाच्या फुप्फुसांत आहे.

पोटात असताना बाळाला प्राणवायू नाळेतून मिळतो. जन्मताच फुप्फुसांतील असंख्य बारीक वायुकोश उघडावे लागतात. ओल्या पिशवीच्या बाजू जशा एकमेकींना चिकटतात, तसे हे कोश श्वास सोडताच मिटू पाहतात. ते मिटू नयेत म्हणून फुप्फुसे सर्फॅक्टंट नावाचे स्निग्ध द्रव्य तयार करतात. सुमारे २४व्या आठवड्यापासून ते थोडे थोडे तयार होऊ लागते आणि बहुधा ३५व्या आठवड्याच्या सुमारास पुरेसे होते. म्हणजे आठव्या महिन्यातले बाळ सातव्यातल्याहून अधिक तयार असते.

१९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २.१ किलो. जन्मताच त्याला स्नानसंस्कार देण्यात आला. फुप्फुसे तयार नसल्याने ३९ तासांत तो वारला. राष्ट्राध्यक्षांच्या घरीही तेव्हा इलाज नव्हता.

पुढे १९७१मध्ये डॉ. लुई ग्लक यांनी जन्माआधीच फुप्फुसांची तयारी ओळखण्याची परीक्षा दिली. फुप्फुसांतील द्रव्य गर्भजलात उतरते. म्हणून पाणमोटेतून सुईने थोडे पाणी काढून प्रयोगशाळेत त्यातील लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन यांचे प्रमाण मोजीत. लेसिथिन दुप्पट वा अधिक भरले, तर फुप्फुसे तयार समजत. १९७२मध्ये डॉ. जॉन क्लेमेंट्स यांनी सोपी रीत सांगितली. त्या पाण्यात मद्यार्क मिसळून नळी १५ सेकंद जोराने हलवायची. १५ मिनिटांनंतरही वरती फेसाचे पूर्ण कडे टिकले, तर बाळ श्वासाला तयार.

आज ही परीक्षा क्वचितच करतात. सोनोग्राफीने दिवस बरेच नक्की कळतात. शिवाय असे दिसून आले, की फुप्फुसे तयार असूनही ३९ आठवड्यांआधी काढलेल्या बाळांना कावीळ, रक्तातील साखर उतरणे, दूध ओढता न येणे असे त्रास अधिक होतात. फुप्फुसे पिकली म्हणजे सारे बाळ पिकले असे नव्हे.

दरम्यान इलाजही सापडला, आणि तो मेंढ्यांच्या गोठ्यातून आला. न्यूझीलंडचे डॉ. लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करीत असता, गर्भातच स्टेरॉइड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरे श्वास घेताना दिसली. १९७२मध्ये त्यांनी व डॉ. हॉवी यांनी गरोदर मातांवरील अनुभव प्रसिद्ध केला. आपल्या सरकारच्या २०१४च्या सूचनांनुसार २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्यास डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने दर बारा तासांनी देतात. मात्र ती डॉक्टरांच्या वा नर्सच्या देखरेखीखालीच घ्यावीत, आणि दिवस नक्की माहीत असावेत.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. शेवटच्या पाळीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ३७ आठवड्यांआधी पोट ठरावीक वेळाने आवळू लागले, पाणी वा रक्त गेले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा; इंजेक्शनाचा गुण यायला वेळ लागतो. रजेसाठी वा फेस्तासाठी तारीख बदलून मागू नका. पण रक्तदाबासारख्या कारणाने डॉक्टरच लवकर बाळंतपण करा म्हणाले, तर अडूनही बसू नका. बापाची रजा संपली तरी स्नानसंस्काराचा विचार आपण मिळून करू.

अलिशिबेला सहावा महिना असताना मरिया डोंगराळ प्रदेशातून तिच्याकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. बाळाची फुप्फुसे याच तीन महिन्यांत तयार होतात. आपल्या शेजारी कोणी अशा दिवसांत असेल, तर तिच्या डोक्यावरची पाण्याची घागर आपण घ्यावी. मरियेची भक्ती अशीही करता येते.