देवळालीचा ताप

नाशिकजवळच्या देवळालीचे नाव इंग्रजी शब्दकोशात जाऊन बसले आहे, आणि तेही ‘वेडसर’ या अर्थाने, हे फार थोड्या नाशिककरांना ठाऊक असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाण्यासाठी येथील छावणीत गोळा केले जात. त्यांना नेणारी जहाजे साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत एप्रिलात संपली, त्याला काम ना कवाईत अशा स्थितीत महिनेच्या महिने ताटकळावे लागे. उन्हाळा, हिवताप, दारू आणि रिकामपण यांनी पुष्कळांची डोकी फिरली. त्या अवस्थेला सोजिरांनी ‘डूलॅली टॅप’ असे नाव दिले. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला तापच.

लढाईत टिकलेला माणूस परतीच्या वाटेवर खचतो, याची नोंद त्या शब्दाने ठेवली. आपल्या जवानांसाठी मात्र असा शब्द कोणी घडविला नाही. दुसऱ्या महायुद्धाअखेर हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले होते. युद्ध थांबताच त्यांतील बहुतेकांना घरी धाडण्यास प्रारंभ झाला. १९४६ च्या फेब्रुवारीत मुंबईत नौसैनिकांनी बंड केले, त्याची राजकीय बाजू सर्वपरिचित आहे. त्वरित सेवामुक्ती आणि पुढे कामधंद्याची सोय याही त्यांच्या मागण्या होत्या, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

आजही जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीत निवृत्त होतो. मुले शाळेत, आईवडील थकलेले, शेताचा कारभार भावाच्या हाती. अशा घरात तो पाहुण्यासारखा पाऊल टाकतो. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रात शिकून तोफेचा पल्ला अचूक साधणारा तोफची पुढे बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहतो. त्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण त्याच्या अंगच्या विद्येची विचारपूस कोणी करीत नाही. महाराष्ट्रात शासनाच्या कनिष्ठ वर्गांतील पदांत माजी सैनिकांसाठी १५ टक्के जागा राखीव आहेत. त्यावर निदान हक्क तरी सांगता येतो.

२०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर चौघांपैकी फार तर एकाला कायम करावयाचे आहे. उरलेल्या तिघांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी मिळेल. निवृत्तिवेतन नाही, आणि योजनेच्या मूळ अटींप्रमाणे ‘माजी सैनिक’ हा दर्जाही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत जागा राखण्याची घोषणा झाली, हे खरे. पण तेथेही पुन्हा गणवेश आणि बंदूकच. पंचविशीच्या आतबाहेरच्या या मुलांना वर्ग, कारखाना वा कचेरी कोण उघडून देणार, हा प्रश्न उरतोच. सोजिराला निदान नोव्हेंबरात जहाज लागेल, एवढे तरी माहीत होते.