टोळी निघण्याआधी हिमोग्लोबिन तपासा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला बीड जिल्ह्यातल्या विहारांत जमणारी कितीतरी जोडपी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला निघतात. मग पाच-सहा महिने गावच्या अंगणवाडीचा आहार आणि आशाताईंकडच्या लोहाच्या गोळ्या तुटतात.

गरोदर बाईला रोज एक गोळी हवी, 180 दिवस. बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. किशोरवयीन मुलीला आठवड्याला एक. हिमोग्लोबिन गरोदरपणात 11 च्या, एरवी बाईचे 12 च्या खाली असले की रक्तक्षय. अंगावरून जास्त जाणे हे त्याचे एक मोठे कारण. त्यावर इथे उपाय काय झाला? 2019 च्या शासकीय समितीच्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली निघाली. अंडाशयही काढले असेल तर तरुणपणीच हाडे झिजू लागतात, कॅल्शियम लागते. हे सांगणारा आहारतज्ज्ञ फडावर कुठून येणार?

आपल्या ताटाचेही बोलू. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या दलितांचे अन्न नोंदवले आहे. त्यातल्या रक्तीतले लोह शरीर सहज घेते. लोकांनी नावे ठेवली म्हणून आपण ते सोडले, आणि चहा-बिस्किटे आली! जेवणासोबतचा चहा तर लोह अडवतो. मांस न खाणाऱ्या उपासिकांनी बाजरीच्या भाकरीसोबत हुलगा, मटकी, शेवग्याचा पाला खावा, वर लिंबू पिळावे.

यंदा कार्यकर्त्यांनी उपकेंद्राच्या सिस्टरांना विहारातच बोलवावे. तपासणी व्हावी, गरोदर बायांना पुढच्या महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात, आणि अंगणवाडीताईंकडून 'पोषण ट्रॅकर'वर स्थलांतराची नोंद गाव सोडण्याआधीच करून घ्यावी.