पेल्यातले माप

दारू नको पण मैफल हवी, असे म्हणणारा मोठा वर्ग अमेरिका आणि कॅनडात गेल्या काही वर्षांत तयार झाला. त्याच्यासाठी बाजाराने नवा पेला पुढे केला आहे. भांगेच्या झाडातले टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य मोजून मिसळलेला सोडा, सरबत किंवा फेसाळते पाणी त्यात असते. आपल्याकडे ही कल्पना पोहोचायला वेळ लागत नाही, कारण ती येताना एक आयता युक्तिवाद घेऊन येते: भांग तर आपलीच, शंकराच्या नावाने पिढ्यान्‌पिढ्या प्यायली जाणारी; मग फार्महाऊसवरच्या पार्टीत व्हिस्कीऐवजी थंडाईचा हंडा ठेवला तर बिघडले कुठे? पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात हा प्रश्न खास लागू होतो. २०१८ साली राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांच्या परिसरात आणि माळशेजच्या वाटेवर शनिवार-रविवार घालवायला मुंबई-पुण्याची माणसे येतात. भीमाशंकरला जाणारा मंचर-घोडेगावचा रस्ता आंबेगाव तालुक्यातूनच जातो. त्यामुळे हा प्रश्न या दोन तालुक्यांच्या संदर्भात नीट तपासून पाहायला हवा. माझे म्हणणे असे की, भांग दारूपेक्षा सौम्य की जहाल हा यजमानापुढचा पहिला प्रश्न नाही. पाहुण्याच्या हातात दिलेल्या पेल्यात काय आहे आणि किती आहे, हे यजमानाला सांगता येते का, हा पहिला प्रश्न आहे. आज महाराष्ट्रात ते कोणालाही सांगता येत नाही.

दारूच्या विरोधातला पुरावा आधी मान्य करायला हवा, कारण भांगेचा आग्रह धरणारे तिथूनच सुरुवात करतात आणि त्यांची ती सुरुवात खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. भांग-गांजाच्या नावावर असा आकडा कुठेच नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात दारू पिणारे सुमारे १६ कोटी आणि भांग, गांजा, चरस घेणारे सुमारे ३ कोटी १० लाख. त्यांत भांग घेणारेच २ कोटी २० लाख. पण याच पाहणीतला पुढचा आकडा सहसा कोणी सांगत नाही. दारूच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेले ५ कोटी ७० लाख, आणि भांग-गांजासाठी मदत लागणारे ७२ लाख. म्हणजे दारू पिणाऱ्या दर तिघांत एकाहून थोडे अधिक, तर भांगवर्गातले काही घेणाऱ्या दर चौघांत जवळपास एक. भांग पिणाऱ्यांपेक्षा गांजा-चरस ओढणाऱ्यांत हे प्रमाण जास्त आहे, हे खरे. तरीही ‘एक विष, दुसरे अमृत’ अशी वाटणी या आकड्यांतून निघत नाही. फरक आहे, आणि तो भांगेच्या बाजूचा आहे. पण सौम्य म्हणून डोळे झाकून ओतावे इतका मोठा तो नाही.

याच वादावर सव्वाशे वर्षांपूर्वी जगातली बहुधा सर्वांत सविस्तर चौकशी आपल्या देशात झाली होती. ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेल्यावर १८९३ साली ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’ नेमले गेले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते आणि सात सदस्यांपैकी तीन भारतीय होते. आयोगाने ११९३ साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले, वेड्यांच्या इस्पितळांतले कागद पुन्हा तपासले आणि गांजा पिकवणारे मुलूख पाहिले. मुंबई इलाख्यात असा प्रमुख जिल्हा होता अहमदनगर, म्हणजे जुन्नरचा शेजारी. १८९४ च्या अहवालाचा निष्कर्ष आजही आश्चर्य वाटावा असा आहे: मध्यम प्रमाणातल्या वापराने सामान्य माणसाला जवळपास काही अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, म्हणून संपूर्ण बंदी नको, पण लागवडीवर नियंत्रण, विक्रीला परवाना, जवळ बाळगण्याला मर्यादा आणि पुरेसा कर हवा. भांगसमर्थक या अहवालाचे पहिले वाक्य उचलतात आणि दुसरे सोडून देतात. ‘मध्यम’ हा शब्द त्या अहवालाचा कणा आहे, आणि मला वाटते, तो मध्यमपणा झाडातून आलेला नव्हता, तो रूढीतून आलेला होता. वर्षानुवर्षे त्याच हाताने घोटलेली, त्याच लोट्याने मोजलेली, रोजच्या ओळखीच्या शरीरात जाणारी भांग ही एक गोष्ट. शनिवारी संध्याकाळी, आयुष्यात पहिल्यांदा, कोणी घोटली ते ठाऊक नसताना पंचवीस जणांनी एकाच हंड्यातून घेतलेली भांग ही पूर्णपणे दुसरी गोष्ट. आयोगाने पहिलीला निर्दोष ठरवले. दुसरी त्याच्यासमोर आलीच नव्हती.

ओढलेला गांजा आणि प्यायलेली भांग यांतला फरक इथे कळीचा आहे. धुरातले टीएचसी काही मिनिटांत रक्तात येते. माणसाला कळते आणि तो थांबू शकतो. प्यायलेले टीएचसी आतड्यातून यकृतात जाते, तिथे त्याचे आणखी एक प्रभावी रूप तयार होते आणि मग ते मेंदूपर्यंत पोहोचते. त्याला अर्धा तास लागतो, कधी दोन तास. पोट भरलेले असेल तर अधिक. अंमल मग सहा-आठ तास, काहींना त्याहूनही जास्त टिकतो. या मधल्या रिकाम्या तासाभरात सगळा धोका भरलेला आहे. ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस दुसरा पेला घेतो, तिसरा घेतो, आणि मग तिन्ही एकदम चढतात. २०१४ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात किरकोळ विक्री सुरू झाल्यावर काही महिन्यांतच एका १९ वर्षांच्या तरुणाचा असा मृत्यू झाला. त्याने गांजायुक्त बिस्किटाचा सांगितलेला एक तुकडा खाल्ला, तासाभरात काही जाणवेना म्हणून उरलेले सगळे संपवले आणि नंतर बेभान होऊन चौथ्या मजल्याच्या सज्जातून उडी घेतली. एका बिस्किटात ६५ मिलीग्रॅम टीएचसी होते. एका वेळचे प्रमाण १० मिलीग्रॅम. हा अपवाद मानला तरी त्याच राज्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाचा २०१४ ते २०१६ चा अभ्यास पाहावा. विकल्या गेलेल्या एकूण टीएचसीत खाण्या-पिण्याच्या पदार्थांचा वाटा जेमतेम ०.३२ टक्के होता. पण गांजामुळे तातडीच्या विभागात आलेल्यांपैकी १०.७ टक्के लोक या पदार्थांमुळे आले होते.

परदेशातल्या मैफली ज्या आधारावर चालतात तो आधार म्हणूनच आधी पाहायला हवा. कॅनडात २०१९ पासून अशा पेयांना परवानगी आहे, पण एका डब्यात किंवा बाटलीत १० मिलीग्रॅमपेक्षा जास्त टीएचसी चालत नाही, लहान मुलांना उघडता येणार नाही असेच वेष्टन लागते आणि दारू व गांजा एकाच पदार्थात मिसळायला मनाई आहे. मिनेसोटाने २०२२ साली परवानगी दिली तीही एका वेळच्या प्रमाणाला ५ मिलीग्रॅमची मर्यादा घालून. ही पेये बनवताना टीएचसीचे इतके बारीक कण करतात की अंमल लवकर सुरू व्हावा आणि पिणाऱ्याला अंदाज यावा. म्हणजे तिकडे जे विकले जाते ते प्रयोगशाळेत तपासलेले माप आहे. आपल्याकडे घोटलेल्या भांगेत पाने कोणत्या झाडाची, किती कोवळी, किती कळ्या मिसळलेल्या, हे काहीच नक्की नसते. टीएचसी स्निग्ध पदार्थात विरघळते, त्यामुळे दूध किती दाट यावरही फरक पडतो; वाटलेला चोथा तळाशी बसतो, त्यामुळे हंड्यातला पहिला पेला आणि शेवटचा पेला सारखे नसतात. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी उभ्या केलेल्या वाइन उद्योगाबद्दल कोणाचे काहीही मत असो, तिथून निघालेल्या प्रत्येक बाटलीवर मद्यार्काचे प्रमाण छापलेले होते. भांगेच्या हंड्यावर काहीच छापता येत नाही.

कायद्याचा मुद्दा लोक फार चटकन निकालात काढतात. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत झाडाचा राळेसारखा चीक आणि फुलोरा येतो. नुसती पाने त्यातून वगळली आहेत. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही पानांना अशीच सूट आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ साली भांग या केंद्रीय कायद्यात बसत नसल्याचे म्हटले. त्यावरून ‘भांग कायदेशीर आहे’ असे सर्रास सांगितले जाते. पण पानांचा विषय राज्यांकडे सोपवलेला आहे, आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्यात भांगेचा मादक द्रव्यांत स्पष्ट समावेश आहे आणि विनापरवाना बनवणे, बाळगणे व सेवन करणे गुन्हा ठरतो. उत्तर प्रदेशात किंवा राजस्थानात परवान्याचे दुकान आहे म्हणून जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या फार्महाऊसवर हंडा ठेवता येत नाही. शिवाय थंडाईत पानांबरोबर फुलोरा वाटला गेला, तर तो पेला थेट केंद्रीय कायद्याच्या कक्षेत जातो, कारण त्या व्याख्येत अशा मिश्रणाचे आणि त्यापासून केलेल्या पेयाचेही नाव आहे. पाहुणे हे तपासणार नाहीत. जबाबदारी यजमानाची.

परंपरेचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो श्रद्धेला हात घालतो. भीमाशंकर, पूरचा कुकडेश्वर, खिरेश्वरचा नागेश्वर, ओतूरचा कपर्दिकेश्वर अशी शिवस्थाने या डोंगरपट्ट्यात जागोजागी आहेत, मग भांग इथे परकी कशी? परकी नाही, गोसावी-बैराग्यांबरोबर ती इथेही आली. पण भांग पिण्याची घरगुती रूढी उत्तरेत आणि सिंधमध्ये जितकी मुरली तितकी दख्खनेत मुरली नाही. इथल्या शिवभक्तीचे लोकरूप पाहायचे तर कपर्दिकेश्वराच्या श्रावणी सोमवारच्या यात्रेत पाहावे. तिथे माणसे गर्दी करतात ती कोरड्या तांदळाच्या कलात्मक पिंडी पाहायला. आपल्याला ठाऊक असलेली थंडाई आहे तालमीतली: बदाम, बडीशेप, मगज, मिरी, दूध. ती पैलवानाच्या अंगी लागावी म्हणून असते, गुंगीसाठी नसते. आणि याच ओतूरला दुसरीही परंपरा आहे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीचे ते बळकट केंद्र होते, आणि फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सदस्य म्हणून दारूच्या वाढत्या दुकानांना लेखी हरकत घेतली होती. परंपरा सांगायचीच असेल तर हीही सांगावी.

प्रौढ माणसांनी आपल्या खासगी जागेत काय प्यावे यात इतरांनी का पडावे, हा आक्षेप उरतो. स्वातंत्र्याचा हा मुद्दा मला मान्य आहे. पण जाणून घेतलेल्या निर्णयालाच स्वातंत्र्य म्हणता येते, आणि माप माहीत नसेल तर जाणून घेण्यासारखे काही उरत नाही. शिवाय फार्महाऊसची भिंत संपते तिथे रस्ता सुरू होतो. मोटार वाहन कायद्यात दारूसाठी आकडा आहे, १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम. पोलिसांच्या फुंकणीत तो दिसतो. भांगेला असा आकडा नाही आणि ती फुंकणीत दिसत नाही. रात्री दहाला प्यायलेल्या पेल्याचा अंमल पहाटे माळशेज उतरताना शिल्लक असू शकतो, आणि चालकाला स्वतःलाच ते उमगत नाही. दारूऐवजी भांग असे ठरवले तरी कोणीतरी बिअर घेऊन येतोच. दोन्ही एकत्र झाली की रक्तातले टीएचसी वाढते, असे प्रयोगांत दिसले आहे. भीमाशंकरच्या बाजूने मंचरचे रुग्णालय साठेक किलोमीटरवर आहे. घाटातल्या पावसाळी रात्री हे अंतर किती मोठे असते ते तिथली माणसे जाणतात.

या दोन तालुक्यांत आणखी एक गोष्ट आहे, जी शहरातून येणाऱ्या यजमानाला बहुधा माहीत नसते. आंबेगाव आणि जुन्नरचा पश्चिम पट्टा हा महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांचा मुलूख, आणि त्यातली कित्येक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा गावांतल्या ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री आणि सेवन बंद करण्याचा किंवा त्यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला आहे. कायद्याचा शब्द ‘कोणताही मादक पदार्थ’ असा आहे, एकट्या दारूचा नाही. २००८ च्या राज्य आदेशाने महिलांना मतदान करून दारूचे दुकान बंद करण्याची, म्हणजे ‘आडव्या बाटली’ची वाट दिली, ती दुकानापुरती होती. पेसाचा अधिकार त्याहून व्यापक आहे. बाहेरून येऊन धरणाकाठी जागा घेणाऱ्याने मैफलीचे नियम एकट्याने ठरवू नयेत, यासाठी गावाच्या हातात हे साधन आहे, आणि ते गावाने वापरावे असे मला मनापासून वाटते.

सरकारनेही अर्धवट स्थिती संपवावी. भांगेला परवाना द्यायचा असेल तर १८९४ च्या आयोगाने सुचवले तसा नियंत्रित द्यावा, वर मिलीग्रॅमचे माप, तपासणी आणि इशारा यांची सक्ती करावी. द्यायचा नसेल तर तसे लोकांना स्वच्छ सांगावे. तोपर्यंत यजमानाला दारूही नको आणि पाहुण्यांना जागवायचेही आहे, तर त्याचा नमुना आपल्याकडे आहेच. दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आपण कोजागरीला रात्र जागवतो, आणि त्या रात्रीचे पेय आटवलेले मसाला दूध असते. जुन्नरची द्राक्षे हंगामात ताजी मिळतात, त्यांचा रस काढता येतो. उसाचा रस आहे, ताक आहे. या पेल्यांत काय आहे ते सहा वर्षांच्या मुलालाही सांगता येते. या दिवाळीत ज्यांच्या घरी किंवा फार्महाऊसवर मंडळी जमणार आहेत त्यांना माझी विनंती आहे: ज्या पेयाचे माप तुम्हाला सांगता येत नाही, ते पाहुण्याच्या हातात देऊ नका.