नोकरी, डबा आणि यवतेश्वरचा घाट: विश्रामबागेत राहून साताऱ्याची हिल मॅरेथॉन पळायची तर आठवडा बसवायचा कसा?

सप्टेंबर आला की सांगलीकरांच्या स्टेटसला एकाच साच्यातले फोटो दिसायला लागतात. गळ्यात मेडल, मागं हिरवागार डोंगर आणि खाली लिहिलेलं, “२१ किलोमीटर डन!” डोंगर साताऱ्याचा, शर्यत सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ साली सुरू झालेली ही शर्यत शहरातून निघते, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागते आणि वळून त्याच वाटेनं खाली येते. म्हणजे निम्मी चढाची, निम्मी उताराची. २०१५ मध्ये तर एकाच डोंगरावरच्या शर्यतीत सर्वाधिक लोक पळाले म्हणून तिची गिनेस बुकात नोंद झाली.

फोटो बघून विश्रामबागेतला एखादा ठरवतो, पुढच्या वर्षी आपण. नेटवरून ट्रेनिंग प्लॅन उतरवून घेतो. त्यात आठवड्यातले सहा दिवस पळायला सांगितलेलं असतं. पहिला आठवडा जोरात जातो. दुसऱ्यात एक लग्न येतं. तिसऱ्यात ऑफिसात मार्चअखेरची गडबड, मग पोराची परीक्षा, मग गुडघा. चौथ्या आठवड्यात बूट परत खोक्यात.

यात जिद्द कमी पडली असं सगळे म्हणतात. खरं बघायला गेलं तर गणित चुकलेलं असतं. तो प्लॅन ज्याच्यासाठी लिहिलाय त्याला सकाळी साडेसहाला नळाचं पाणी भरायचं नसतं.

मग नोकरी-घर सांभाळून लांब पळणारे लोक हे बसवतात कसं?

याचं जगातलं सगळ्यात भारी उदाहरण जपानचं आहे. १६ एप्रिल २०१८. बॉस्टन मॅरेथॉनचा दिवस. कडाक्याची थंडी, समोरून वारा आणि धो धो पाऊस. भलेभले व्यावसायिक धावपटू मध्येच शर्यत सोडून बाहेर पडत होते. आदल्या वर्षीचा विजेता, केनियाचा जेफ्री किरुई पुढं होता. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये त्याला मागं टाकून युकी कावाउची नावाचा गडी पहिला आला. वेळ २ तास १५ मिनिटं ५८ सेकंद. हा कावाउची सैतामा प्रांताचा सरकारी नोकर, शाळेच्या ऑफिसात पूर्ण वेळ काम करणारा. व्यावसायिक धावपटू दिवसातून दोनदा सराव करतात. याला दुपारनंतर ड्युटी, त्यामुळं तो सकाळी एकदाच पळायचा. मोठी मेहनत सुट्टीच्या दिवशी, आणि त्यासाठी तो सुट्टीला जवळपासच्या शर्यतीतच उतरायचा. नोकरी सोडून पूर्ण वेळ धावपटू तो झाला २०१९ मध्ये, म्हणजे बॉस्टन जिंकल्यावर.

आता कावाउची म्हणजे कावाउची, त्याची बरोबरी कोण करणार. पण त्याच्या आठवड्याचा साचा विश्रामबागेत जसाच्या तसा चालतो. कामाच्या दिवशी थोडं आणि सावकाश, सुट्टीला एकदा लांब.

हाफ मॅरेथॉनसाठी मंगळवारी चाळीस मिनिटं, गुरुवारी पन्नास, शुक्रवारी किंवा शनिवारी अर्धा तास आणि रविवारी दीड ते दोन तास धरा. बेरीज होते चार तासांच्या आत-बाहेर. आठवड्याचे तास असतात १६८. आधी नुसतं सलग अर्धा तास पळता येत असेल, तर चौदा ते सोळा आठवड्यांत एवढ्यावर माणूस २१ किलोमीटरला तयार होतो. रविवारचं अंतर मात्र एकदम वाढवायचं नाही. आठ, नऊ, दहा असं जायचं आणि दर चौथ्या आठवड्याला जरा कमी करायचं.

एवढ्यानं भागतं, कारण लांब पळण्याची ताकद सावकाश पळण्यातून येते. हे ऐकायला उलटं वाटतं. पण सावकाश पळताना हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, पायाच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि शरीर साखरेच्या जोडीनं चरबी जाळायला लागतं. ही कामं जोरात पळून लवकर उरकत नाहीत. स्टीफन सीलर या शास्त्रज्ञानं मोठमोठ्या खेळाडूंच्या सरावाचा हिशेब मांडला, तेव्हा साधारण ऐंशी टक्के सराव हलक्या वेगाचा निघाला. हलका म्हणजे किती? शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. “हो”, “नाही”, “थांब” एवढंच तोंडातून निघत असेल तर वेग जास्त आहे.

आपल्याकडं होतं नेमकं उलटं. वेळ कमी आहे म्हणून माणूस रोज जीव तोडून पळतो. पंचवीस मिनिटांत घामाघूम होऊन घरी येतो, ॲपवरचा वेग ग्रुपवर टाकतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत जुळवून घेतात, पण शिरा, सांधे आणि हाडं मागून येतात. दम वाढलेला असतो, नडगी तयार नसते. महिनाभरात दुखणं येतं ते इथून.

आता प्रश्न, हे चार तास आणायचे कुठून?

पहिला हात जातो झोपेवर. रात्री साडेदहाला जेवण, बारापर्यंत मोबाईल आणि पावणेपाचचा गजर. हे पंधरा दिवस चालतं. स्नायूंची डागडुजी झोपेत होते, त्यामुळं झोप कापून केलेला सराव फार अंगी लागत नाही. पहाटे पळायचं तर आदल्या रात्रीपासून सुरुवात करावी लागते. जेवण आठला आणि पडणं दहाला. अख्खं घर जिथं रात्री दहाला जेवतं, तिथं हे घाटाइतकंच अवघड काम आहे.

आणि खरी गोष्ट इथंच आहे, जी मेडलच्या फोटोत कधी येत नाही. पहाटे पाच ते सात हा वेळ घरात कुणाचा तरी असतोच. पाणी, दूध, डबे, पोरांची शाळेची रिक्षा. घरातला पुरुष रविवारी दोन तास पळून येतो, आंघोळ करतो, पोहे खातो आणि अकराला आडवा होतो. ते दोन तास फुकट आलेले नसतात, बायकोनं किंवा आईनं दिलेले असतात. बाई पळायला लागली की हिशेब लगेच उघडा पडतो, कारण तिच्या वाटचा डबा करायला पहाटे पाचला कुणी उठत नाही.

म्हणून घरी आधी बोलून ठरवणं हा सरावाचाच भाग समजायचा. मंगळवार-गुरुवार पळणाऱ्याचे, तर सोमवार-बुधवार डबा पळणाऱ्याकडं. रविवारी पळायचं तर शनिवारी बाजार त्यानं करायचा. दोघंही पळणार असतील तर वार वाटून घ्यायचे. ज्या घरात हे बोललं जात नाही, तिथं प्लॅन कितीही शास्त्रशुद्ध असो, दोन महिन्यांनी “तुमचं ते पळणं” या शब्दांनी भांडण सुरू होतं.

विश्रामबागेचं एक बरं आहे. हा भाग सांगली आणि मिरजेच्या मधोमध बसलाय. नोकरी मिरजेला असेल, तर सकाळी वडापनं किंवा सिटी बसनं जायचं आणि संध्याकाळी पाठीला छोटी सॅक लावून पळत घरी यायचं. पाच-सहा किलोमीटर पडतात. गाडीनं यायला जो वेळ जातो तो वजा केला तर सरावाचा जादा खर्च वीस-पंचवीस मिनिटांचा. आठवड्यातून एकदा एवढं जमलं तरी एक पहाट वाचते. फक्त सांगली-मिरज रस्त्याला संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा आतल्या कॉलन्यांच्या रस्त्यानं यावं.

रविवारच्या लांब अंतराला बरेच पर्याय आहेत. शंभरफुटी रस्ता पहाटे मोकळा असतो. हरिपूरच्या रस्त्याला झाडी आहे, आणि टोकाला कृष्णा-वारणेचा संगम. रोजच्या अर्ध्या तासाला विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजचा परिसर किंवा नेमिनाथनगरच्या कल्पद्रुम मैदानासारखी जागा पुरते. मैदानाला फेऱ्या मारणं कंटाळवाणं, पण अंधारात एकटीनं पळायचं नसेल किंवा भटक्या कुत्र्यांची धास्ती असेल तर तेच बरं. दोघी-तिघी मिळून पळाल्या तर उठण्याचा आळसही जातो, कारण खाली कुणीतरी वाट बघत उभं असतं.

अडचण आहे ती चढाची. सांगली म्हणजे हाताच्या तळव्यासारखी सपाट. यवतेश्वरचा घाट इथं सापडणार नाही. मग महिन्यातून एक-दोनदा मिरजेपलीकडच्या दंडोबाच्या डोंगरावर जायचं आणि एरवी जवळचा कुठलाही उड्डाणपूल पकडून चढ-उताराच्या आठ-दहा फेऱ्या करायच्या. जिना पण चालतो. आणि इथं एक गोष्ट नवखे हमखास विसरतात. सगळे चढाची भीती घेतात, पण पाय मोडतो तो उतार. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, त्यामुळं त्यांची झीज जास्त होते. आधी दोन-तीनदा उतारावर पळून झालं असेल तर पुढच्या वेळी स्नायू निम्मंच दुखतात. म्हणून उड्डाणपुलावरून खाली येताना चालत यायचं नाही, बारीक पावलं टाकत पळत यायचं.

वेळापत्रकाचा सगळ्यात मोठा शत्रू मात्र वेगळाच. सप्टेंबरच्या शर्यतीची तयारी सुरू होते मे-जूनमध्ये. मे महिन्यात सांगलीत सकाळी आठलाच चटका बसतो. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर वेग विसरायचा. आणि तयारीचे ऐन मोक्याचे आठवडे येतात जुलै-ऑगस्टमध्ये. सांगलीत त्या दिवसांत लोक किलोमीटर मोजत नाहीत, फूट मोजतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा वेळी हरिपूरचा रस्ता कुठला आणि रविवारचे सोळा किलोमीटर कुठले. ज्यांच्या घरात पाणी शिरलं नाही, त्यांच्या घरी पूरग्रस्त नातेवाईक आलेले असतात.

म्हणून सांगलीतल्या माणसानं सोळा आठवड्यांचा प्लॅन हातात घेताना त्यातले दोन आठवडे जाणार असं धरूनच निघावं. आणि गेले तरी बिघडत नाही. आठ-दहा दिवसांच्या खंडानं दम नावापुरता कमी होतो. तीन-चार आठवडे पूर्ण बंद पडलं तर फरक जाणवायला लागतो. चूक होते ती परत सुरू करताना. राहिलेलं भरून काढायचं म्हणून माणूस एका आठवड्यात दोन लांब अंतरं पळतो आणि लंगडत घरी येतो. बुडालेला रविवार बुडाला, तो पुढच्या आठवड्यात घ्यायचा नाही. शेवटचे दहा-बारा दिवस तर सराव मुद्दाम निम्म्यावर आणायचा असतो, त्यामुळं तेव्हा केलेली भरपाई कामाला येतच नाही.

बाकी बूट महागडे पाहिजेत असं नाही, मापाचे आणि आधी वापरलेले पाहिजेत. तासाभराच्या आत पळायचं असेल तर पहाटे काही न खाता चालतं. लांब अंतराला निघण्याआधी एक केळं आणि सोबत मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल, तर सुरुवात डॉक्टरकडून करायची. मिरजेच्या इतक्या जवळ राहून हे टाळायला काही कारण नाही. पळताना छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर तिथंच थांबायचं. मागच्या गल्लीपर्यंत जाऊन बघू, हा विचार करायचा नाही.

तसं या भागाला लांब पळणं नवीन नाही. १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकला भारतातून गेलेल्या मोजक्या खेळाडूंत बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे सदाशिव दातार होते. चौगुल्यांनी तिथं पावणेत्रेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पळून एकोणिसावा नंबर काढला. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉन गाजवून पुढं २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या फायनलला पोचली आणि दहावी आली. आता त्याच मातीत बँकेतले क्लार्क, शिक्षिका, मेडिकल दुकानवाले घाट चढतायत.

शर्यतीची नोंदणी काही महिने आधीच होते, त्यामुळं घरातली बोलणी त्याच्याही आधी. शर्यत रविवारी पहाटे, सांगलीहून सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे शनिवारची रात्र साताऱ्यातच काढावी लागते. शनिवारी हाफ डे टाकावा. सोमवारची पण रजा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर सोमवारी सकाळी ऑफिसचा जिना उतरताना कठड्याला धरून उलटं उतरायचं. घाट उतरून आलेल्या मांड्यांना तेवढंच सोसतं.