थंड घेवडा आणि शेवटची पंगत

चैत्र लागला कीं माणदेशांत अन्नापेक्षां पाण्याचीच आठवण अधिक होते. दहिवडी-म्हसवडकडील हा मुलूख पर्जन्यछायेंत पडतो; माणगंगेचें पात्र उन्हाळ्यांत बहुधा कोरडेंच. अशा दिवसांत पानाच्या डाव्या बाजूस कांहीं थंड असावें, असें लहानथोरांस वाटतें. श्रावणघेवड्याची दह्यांतील कोशिंबीर ही इच्छा पुरविते. मुंबईकडे जिला फरसबी म्हणतात तीच ही शेंग. मूळची अमेरिका खंडांतील, परंतु आतां आपल्या स्वयंपाकघरांत रुळलेली.

आमच्या घरीं ही प्रथम केली तेव्हां सकाळींच दहीं-मीठ कालवून ठेविली. पहिल्या पंगतीनें ती वाखाणली. वाढणाऱ्या सासू-सुना दोन वाजतां पानावर बसल्या, तेव्हां त्यांच्या वांट्यास पाणी सुटलेली, आंबट व कोमट कोशिंबीर आली. कोणी तक्रार केली नाहीं. आम्हांस तेंच अधिक लागलें. तेव्हांपासून आम्ही पुढील रीत पाळतों.

कोवळ्या शेंगा पाव किलो घ्याव्या, शिरा काढून बारीक चिराव्या. बेताच्या पाण्यांत चिमूटभर मीठ घालून, झांकण न ठेवितां, सात-आठ मिनिटें मऊ शिजवाव्या. झांकण नसल्यानें शेंगांतील आम्ल वाफेबरोबर निघून जातें व हिरवा रंग टिकतो. शेंगा कच्च्या मात्र ठेवूं नयेत. त्यांतील एका द्रव्यानें पोट बिघडतें, तें नीट शिजविल्यानेंच नाहींसें होतें. शिजल्यावर त्यांवर गार पाणी ओतण्याची चाल आहे. माणांत ती परवडणारी नव्हे. शेंगा परातींत पसरून वाऱ्यावर निवूं द्याव्या, आणि शिजविलेलें पाणी आमटींत घालावें.

निवल्यावर दोन चमचे दाण्याचा कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर व तूप-जिऱ्याची फोडणी घालून शेंगांचे दोन डबे भरावे. वाटीभर गोड दहीं निराळ्या झांकणाच्या भांड्यांत ठेवावें. हीं सारीं भांडीं परातींत ओल्या वाळूवर ठेवून वरून भिजलेलें फडकें गुंडाळावें. फडक्याचीं टोंकें पाण्यांत बुडालेलीं असावीं. परात सावलींत, वाऱ्याच्या वाटेवर असावी. पाण्याची वाफ होतांना ती उष्णता ओढून नेते. माठाचें पाणी गार होतें तें याच कारणानें. हवा जितकी कोरडी तितका हा गारवा अधिक. म्हणून कोंकणच्या दमट हवेंत जें नीट साधत नाहीं, तें माणांत तांब्याभर पाण्यांत साधतें. ज्या कोरडेपणाबद्दल आपण बारा महिने कुरकुरतों, तोच येथें उपयोगीं पडतो.

विजेचें शीतकपाट आतां पुष्कळ घरीं आहे, व तें असल्यास अवश्य वापरावें. वीज गेली तर परात आहेच. परातींतला गारवा कपाटाइतका नसतो, म्हणून ही कोशिंबीर त्याच दुपारीं संपवावी.

मुख्य गोष्ट ही कीं, दुसरा डबा पहिल्या पंगतीस उघडूं नये. त्यांत दहीं, मीठ व चिमूटभर साखर घरांतील बायका पानावर बसतील त्याच वेळीं घालावी. पहिल्या पंगतीस चार चमचे कमी आले तरी चालेल. ज्या हातांनीं ती निवविली, त्यांच्या पानावर ती गारच पडली पाहिजे.